नंबर एक, पाय चार

१२ मार्च, सांगली
साताऱ्याच्या घाटातल्या पळायच्या शर्यतीची नोंदणी सकाळी उघडली आणि चहा निवायच्या आत बंद. माझा मोबाइल अडकला तो अडकलाच. सौ.च्या मोबाइलवरून गंमत म्हणून तिचंही नाव भरलं होतं, ते मात्र नोंदलं गेलं. पहिल्या वर्षी आदल्या संध्याकाळी मैदानावर जाऊन नाव दिलं होतं. तेव्हापासून एक वर्ष चुकवलं नाही. आणि आता नंबर लागला बायकोचा, जी भाजीलासुद्धा रिक्षाने जाते.

१५ मार्च
कुंडलच्या बापूचा फोन. फौजेतून रिटायर, घाटातला माझा जोडीदार. "वहिनींचा नंबर छातीला लाव की रं. एवढ्या गर्दीत कोण बघतंय?" नियमात बसत नाही. डोक्यातून जात नाही.

२ एप्रिल
सौ.ला विचारलं, तुझा नंबर लावून मी पळू का. लगेच हो म्हणाली, मला काय करायचाय तो. बरं वाटलं. मग दिवसभर उगाच चिडचिड.

९ मे
सौ. रोज पहाटे विश्रामबाग चौकापर्यंत जाते. नुसती चालते म्हणे. चालून एवढा घाम?

२० जुलै
तिने बूट आणले. माझ्यापेक्षा भारी. ऑफिसात दोनदा चुकीच्या कागदावर सही केली.

१५ ऑगस्ट, वडूज
सासुरवाडी. सकाळी गावाबाहेरच्या चढाला ती पुढे, मी मागे. वर थांबून म्हणाली, "घाटात हलगी वाजती, त्ये खरं हाय का वो?"
खरं आहे म्हटलं. ऐन चढावर गावकरी हलगी घेऊन उभे असतात, बायाबापड्या गूळ-पाणी देतात. थकलेला पाय आपसूक उचलतो.
"एकदा ऐकायची हाय."
मी बुटाची नाडी सोडून परत बांधली. माझ्यासारखा कोता माणूस नसेल. पण इतक्या वर्षांचा नेम असा मोडायचा? आणि तिने तरी हो कशाला म्हणायचं होतं...

शर्यतीचा दिवस, सातारा
लॉजवर. बाहेर अजून अंधार. काल ओळखपत्र दाखवून तिने स्वतः आणलेला नंबर मध्ये कॉटवर पडलाय. दोघांच्या आंघोळी झाल्या. दोघांनीही बूट घातलेत. पळणार कोण, ते अजून ठरलेलं नाही. मी आपला हे लिहीत बसलोय. खालून बापूची हाक आली.
सौ. शोधतेय. "आवं, पिना कुठं हायत?"
चारही माझ्या डाव्या मुठीत.