मार्गशीर्षातली शेवंती

मी चांगो नागू ठोंबरे, वय अदमासे साठ, राहणार खालापूरजवळ कुंभिवली, धंदा भातशेती. छातीत पाणी झाले आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या भरीला न पडता हा कागद सांगून लिहवून घेत आहे.

१. भाऊ पदू याच्याशी वाटणी होऊन माझ्याकडे आलेले घर, परसू आणि चिंचेखालची दोन खाचरे माझी मुलगी आवडी हिला द्यावी. ती ठाकुरवाडीला रेल्वेच्या चाळीत नवऱ्याजवळ असते. ती माझीच मुलगी आहे. हे चारचौघांत वीस वर्षांपूर्वीच सांगायला हवे होते.

२. तिची आई सोनुबाई घाटावरची. तिने परसात शेवंती लावली. आम्हाला फक्त झेंडू ठाऊक. दसरा आला तरी शेवंतीला कळी नाही. माझी आई म्हणाली, "झाडंबी वांझ नि लावणारीबी." सोनुबाई म्हणाली, "हे फूल मार्गशीर्षात येतं. थोडं थांबा की." मी थांबलो नाही. वाफा खणून टाकला, आणि सात वर्षांत मूल नाही म्हणून तिलाही माहेरी धाडले.

३. न्हाणीमागचे एक झाड नजरेतून सुटले होते. ते मार्गशीर्षात फुलले. त्याच आठवड्यात निरोप आला, सोनुबाईला चौथा महिना आहे. पदू म्हणाला, "दादा, दिवस मोज रं." मी मोजले. बरोबर भरत होते. तरी लाजेपायी गप्प राहिलो. पुढे आवडी सहा वर्षांची असताना मानमोडीच्या तापात सोनुबाई गेली. मी मातीलाही गेलो नाही.

४. पदूला माझी कुदळ द्यावी. त्या दसऱ्याला ती त्यानेच माझ्या हातात दिली होती. बाकी काही देऊ नये.

५. आताचा वाफा त्या एका झाडाच्या मुळाशी फुटलेल्या मुनव्यांचा आहे. माझ्या तिरडीवर त्यातली फुले घालू नयेत. आवडी आली तर तिने माळावी, नाही तर झाडावरच सुकू द्यावी.

६. गेल्या साली ही फुले घेऊन ठाकुरवाडीला गेलो होतो. आवडी दारातूनच म्हणाली, "माझा बाप मी जन्मायच्या आधीच मेला. आयनं तसं सांगितलंय." फुले उंबऱ्यावर ठेवून परत आलो.

तेव्हा मी गेल्यावर खाली साक्ष घातलेल्या धाकलूने स्वतः तिच्याकडे जावे. घराचे, खाचरांचे नंतर बोलावे. आधी एवढेच सांगावे: "तुझा बाप आज मेला."

निशाणी, डावा अंगठा: चांगो नागू ठोंबरे
साक्ष: धाकलू पोशा भोईर, विठू गोमा ठोंबरे
मुक्काम कुंभिवली, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५४