सपाट चपलेच्या सुनेला घर

मी, नीलाबाई सुदाम चव्हाण, वय वर्षे बहात्तर, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण चांगले आहे. गुडघे तेवढे गेले. परंतु मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे आमच्या डॉक्टर केतकीबाईंनी मला तपासून सांगितले आहे. मला कुणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. यापूर्वी मी असे काही लिहिले नव्हते. माझे मन पुन्हा बदलले नाही, तर हेच शेवटचे समजावे.

१. माझे यजमान सुदामराव वारले आहेत. मला दोन अपत्ये. मुलगी दिपा पुण्यात बँकेत नोकरीला आहे. मुलगा योगेश बाळापुरातच शेती-औजारांच्या दुकानात कामाला आहे. तो, त्याची पत्नी पुजा आणि त्यांची मुलगी निलम माझ्याजवळ राहतात. चौघांनीही मला कधी उपाशी ठेवलेले नाही. खाली लिहिलेल्या वाटणीवरून कुणी तसा अर्थ काढू नये.

२. सिद्धेश्वरच्या कालव्याखाली, माझ्या माहेरच्या तांड्यात माझ्या नावे असलेली जमीन माझा भाऊ वसराम रामजी राठोड यास द्यावी. तो ती कसतो. बांधावर उभी राहून मी फक्त हरभरा खाल्ला आहे.

या जमिनीमागे आमच्या आईचे कष्ट आहेत, म्हणून तिच्याविषयी इथे लिहिणे भाग आहे. तिचे नाव रूपाबाई. आम्ही तिला याडी म्हणायचो. सिद्धेश्वरचे धरण बांधले जात असताना ती मातीची पाटी डोक्यावर घेऊन फळ्यांवरून वर चढायची. पायात काही नसायचे. मी लहान होते; खाली बसून वर बघायचे, तर मला आधी तिचे तळवे दिसायचे.

मी परभणीला डी.एड. केले आणि पहिल्या पगारात उंच टाचेचे सँडल घेतले. तेव्हा जाड तळव्याचे, टाच चौकोनी, असे यायचे. ते घालून मी सुट्टीत तांड्यावर गेले. पोरे मागे लागली, म्हाताऱ्या हसल्या. याडी हसली नाही. विहिरीवरून नुकतीच आली होती. डोक्यावर घागर, घागरीवर कळशी. ती आमच्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलली, मी मराठीत लिहिते.

"यावर उभं कसं राहता येतं गं?"

"सवयीनं," मी म्हणाले.

"काढ. मला दे."

मी काढून दिले. तिचा पाय रुंद, बोटे पट्ट्यांतून बाहेर आली. मी घागर उतरवायला पुढे झाले, तर तिने मला हाताने मागे सारले. एका हाताने घागरा जरा वर धरला आणि ती निघाली. आमच्या तांड्याची वाट म्हणजे मुरूम आणि गोटे. जन्मात पहिल्यांदा पायात काही घातलेली बाई, तेही असले, आणि डोक्यावर भरलेले पाणी.  हसणाऱ्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. ती सेवालाल महाराजांच्या ओट्यापर्यंत गेली, तिथे वळली आणि परत आली. कळशी हलली नाही. तिच्या कपाळावर पाण्याचा एक थेंब नव्हता.

घागर उतरवून तिने सँडल काढले, त्यांची धूळ पदराने पुसली आणि माझ्या हातात दिले.

"लई दूरवर दिसतं. पन खाली काय हाय ते पायाला कळत न्हाई. तुला आवडतेत?"

"आवडतेत."

"मंग घाल."

ती पुन्हा अनवाणी पाण्याला गेली. त्यानंतर मी पुष्कळ माणसे पाहिली, सभांमध्ये मोठी भाषणे ऐकली. परंतु माझा श्वास असा कुणी थांबवला नाही.

३. माझ्या उंच टाचेच्या चपला आणि सँडल, लाकडी कपाटातले, ते सर्व. मी नोकरीभर हौसेने टाचा घातल्या. मला उंच दिसायला आवडायचे, साडीचा घोळ वरून खाली नीट पडायचा, आणि चालताना माझा मलाच आवाज यायचा. पाठ दुखायची, तरी घातल्या. यांतील दिपाला हव्या त्या तिने घ्याव्यात. ती साडीवर धावायचे बूट घालून बँकेत जाते आणि मला म्हणते, "आई, तुला बघून माझे पाय दुखतात." तेव्हा ती एकही घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. उरलेल्या चपला ज्या बाईला आवडतील आणि बसतील तिला द्याव्यात. कुणाला आग्रह करू नये.

४. आमचे मुख्याध्यापक सूर्यकांत गुरुजी यांनी माझ्या टाचांच्या आवाजाने वर्गाचे लक्ष विचलित होते, असा शेरा माझ्या गोपनीय अहवालात लिहिला होता. पुढच्या वर्गापर्यंत आवाज जायचा हे खरे. तो ऐकून पोरे पुस्तके उघडून बसायची हेही खरे. ते त्यांनी लिहिले नाही. गुरुजींविषयीची ही अढी मी वर्षानुवर्षे जपली. ती माझ्या कोणत्याही वारसाकडे जाऊ नये, म्हणून इथेच सोडून देते.

५. बाळापूरचे राहते घर, अंगण आणि बोअरसह. हे घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. ते मी माझी सून सौ. पुजा योगेश चव्हाण हिला, एकटीच्या नावे, देत आहे. कारण लिहिते.

पुजा हिंगोलीतल्या एका मोठ्या साड्यांच्या दुकानात विक्रीचे काम करते. तिथे नियम होता की काउंटरवरच्या बायकांनी काळे उंच टाचेचे बूटच घालावेत आणि गिऱ्हाईक असेपर्यंत बसू नये. निलम झाल्यावर पुजा कामावर परत गेली, तेव्हा तिच्या पायांवर सूज होती. साड्यांचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना तिचा घोटा मुरगळला. डॉक्टर केतकीबाईंनी पट्टी बांधली आणि बजावले, "आता सपाटच घालायचं. मऊ तळव्याचं." पुजाने तशा चपला घेतल्या आणि ती कामावर गेली. दुकानाच्या मालकाने तिला दारातूनच परत पाठवले.

त्या संध्याकाळी जेवताना योगेश म्हणाला, "घाल की थोडे दिवस. येवढ्यावरून कोणी नोकरी घालवतं का? आई तर जलमभर घालून राहिली."

पुजाने ताटातला हात थांबवला. ती माझ्याकडे बघून बोलली, त्याच्याकडे नाही.

"आई, तुमी घालता ती तुमची हौस हाय. माझ्या पायात घातली ती त्या मालकाची हौस. माझा पाय त्याच्या हौसेसाठी काहून सुजावा?"

 मी म्हणाले, "उद्या मी येते तुझ्यासोबत."

सकाळी मी माझी डाळिंबी टाच घातली. पुजा म्हणाली, "गुडघे दुखतील ना, आई." मी म्हणाले, "मोठ्या दुकानात चालले, नटून नको जाऊ?" आम्ही हिंगोलीच्या गाडीत बसलो, तिच्या पायात सपाट चपला, माझ्या पायात टाच.

दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला एक कुटुंब आले होते. गादीवर साड्यांचा ढीग होता. मालकाने आधी पुजाच्या पायाकडे पाहिले, मग माझ्या. त्याचा चेहरा खुलला.

"बघा! सासूबाई या वयात घालून राहिल्या, अन् तुम्हाला तकलीफ होते?"

मी म्हणाले, "शेठ, मी घालते कारण मला घाल म्हणून कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर फेकून दिली असती."

"दुकानाला शोभा लागते, बाई. नियम सगळ्यांना बराबर आहे. आज एकीला सूट दिली, तर उद्या सगळ्या येतील."

पुजा काउंटरकडे तोंड करून म्हणाली, "मी काम सोडून जाऊन राहिले न्हाई. मी कामावर आले."

 मालकाने तिला दार दाखवायला हात वर केला. त्याच वेळी काउंटरमागे सर्वांत जुनी असलेली निता खाली वाकली. मला वाटले, तिच्या हातून काही पडले. ती उभी राहिली तेव्हा बुटकी झालेली होती. तिने पायातले बूट काढून बाजूला सारले होते. मग तिच्या पलीकडची वाकली. मग शालूंच्या काउंटरवरची. जिन्यावरून एक मुलगी साड्या घेऊन उतरत होती. ती मधल्या पायरीवर थांबली, दोन्ही बूट तिथेच काढले आणि उरलेल्या पायऱ्या अनवाणी उतरली. कुणी कुणाला खूण केली नाही. त्यांनी हे आधी ठरवले नव्हते, असे पुजा आजही शपथेवर सांगते.

दिवसभर टकटक वाजणारी ती फरशी वाजायची थांबली. औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात वाकून खाली उतरल्यावर माणसाचा आवाज जसा आपोआप बंद होतो, तसे तिथे झाले. मी त्यांचे पाय पाहिले. टाचेवर लाल वळ, करंगळीवर पट्टी, एकीच्या सुजलेल्या बोटात जोडवे रुतलेले. इतक्या दिवसांत मी त्या दुकानात किती वेळा साड्या घेतल्या, आणि हे पाय काउंटरमागे होते. मी हात जोडले. कुणाला जोडले ते मला सांगता येणार नाही.

नवरीची आई त्या पायांकडे बघत राहिली. मग तिने गादीवरचा साड्यांचा ढीग बाजूला ढकलला आणि नितापुढे जागा केली.

"ये गं माय, बस इथं माझ्याजवळ. बसून दाखव."

निताने मालकाकडे पाहिले नाही. ती बसली आणि तिने साडी उलगडली.

मालक बराच वेळ गल्ल्यापाशी उभा होता. मग आत गेला. नियम मागे घेतला असे तो म्हणाला नाही, परंतु पुन्हा त्याविषयी कधी बोललाही नाही. दुसऱ्या आठवड्यात काउंटरमागे उंच स्टुले आली. पुजा आजही तिथेच काम करते, सपाट चपलेत. निताने थोड्या दिवसांनी परत टाचा घातल्या, तिला आवडतात. दोघी एका डब्यात जेवतात.

ज्या दिवशी पुजा त्या दारात उभी होती, त्या दिवशी तिच्या नावावर काही नव्हते. नोकरी गेली असती, घरात बोलणी बसली असती, आणि तरी ती उभी राहिली. उद्या तिला पुन्हा कुठे असे उभे राहावे लागले, तर तिच्या मागे तिच्या नावाचे घर असावे, एवढीच माझी इच्छा आहे. योगेशने त्या घरात हक्काने आणि आनंदाने राहावे. घर विकायचे किंवा ठेवायचे, हे मात्र पुजाने ठरवावे.

६. माझे सोन्याचे मणी आणि पाटल्या निलमच्या, ती सज्ञान झाल्यावर. बँकेतील शिल्लक दिपा आणि योगेश यांनी समान घ्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दिपाने करावी; तिला कायद्याची भाषा कळते आणि ती भावाला घाबरत नाही.

७. वरील मजकूर मी काल पूर्ण केला होता. हे कलम आज जोडत आहे.

आज सकाळी मी सगळे योगेश आणि पुजासमोर मोठ्याने वाचले. मागाहून कळून वाईट वाटण्यापेक्षा समोर कळावे. पाचवे कलम संपले तेव्हा पुजा रडत होती आणि योगेश भिंतीकडे बघत होता.

तो म्हणाला, "आई, माझ्यावर भरोसा न्हाई का?"

"हाय. म्हणून तर तुझ्यासमोर वाचून राहिले."

पुजा म्हणाली, "आई, दोघांच्या नावानं करा ना."

मी नाही म्हणाले. योगेश उठला, गाडीची किल्ली घेतली आणि दारापर्यंत गेला. मला वाटले, आता हा दोन दिवस बोलणार नाही. वडिलांची सवय त्याला आहे. तो उंबऱ्यावर थांबला आणि पाठमोराच बोलला.

"याला साक्षीदार लागतेत ना? कंडक्टर धर्मसिंगमामाला मी घेऊन येतो. डॉक्टरबाईला तू फोन लाव, आई."

तो गेला. मी फोन लावला, डॉक्टरबाई येऊन बसल्या आहेत. हे लिहीत असताना बाहेर त्याच्या गाडीचा आवाज आला, आणि मामांचा खोकलाही. डॉक्टरबाईंसमोर आणि माझ्या लेकाने स्वतः आणलेल्या माणसासमोर मी आता सही करते.

स्थळ: आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) नीलाबाई सुदाम चव्हाण

नीलाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, खुर्चीवर ताठ बसून, समजून उमजून सही केली. त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्हीही केली. या मृत्युपत्रात आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
१. (सही) धर्मसिंग थावरा जाधव, सेवानिवृत्त बसवाहक, आखाडा बाळापूर
२. (सही) डॉ. केतकी अनिरुद्ध जोशी, आखाडा बाळापूर