अक्का, ईरा तुझ्या आवाजात वाचते

प्रिय अक्का,

परवा ईराची शाळा उघडतेय. मी उद्या माझ्या घरी परत जाणार. पण या सुट्टीत तुझ्या घरात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय पाय निघत नाही, म्हणून लिहायला बसले.

तू गेल्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा. भावोजींना बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून रजा मिळेना. आठ वर्षांच्या पोरीला दिवसभर एकटं कसं ठेवायचं? मी ऑफिसात सांगून घरून काम मागून घेतलं आणि लॅपटॉप उचलून चिकपेटला तुमच्याकडे राहायला आले. दुपारी जरा मोकळी झाले की ईराचं मराठी घ्यायचं ठरवलं. गेल्या उन्हाळ्यात तूच सुरू केलेलं ना ते? डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हणून बजावलं होतं. तरी बेळगावहून मागवलेलं ते पुस्तक उघडून तू रोज तिला घेऊन बसायचीस! किती हट्टी गं तू!

पहिल्याच दुपारी मी म्हटलं, "वाच बघू."

तिनं कासवाचा धडा काढला. "एका तळ्याकाठी... एक कासव... राहत होतं." मी खूश! मराठी विसरली नाही म्हणायची! आणि मग ती खोकली. बारीक, कोरडं. पाणी दिलं तर नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तोच धडा. त्याच शब्दांवर थांबणं, त्याच जागी खोकला. अक्का, पोर वाचतच नव्हती गं! तू वाचून दाखवायचीस तसं पाठ म्हणत होती. तुला जिथं जिथं दम लागायचा, तिथं तिथं ती श्वास घेत होती.

एका रविवारी भावोजी आत भांडी घासत होते. खोकला ऐकला आणि साबणाच्या हातांनी धावत बाहेर आले. दारातच थबकले. ईरा मान खाली घालून पुस्तकात बघत होती. संध्याकाळी मला म्हणाले, "सुमा, हे बंद कर. तिला कुठल्यातरी समर कॅम्पला घालतो. मराठी आली नाही तर काय अडतंय? मला हे ऐकवत नाही."

ऐकवत मलाही नव्हतं. पण शाळेत इंग्लिश, गल्लीत कन्नड. घरातली ही भाषाही गेली तर तुझ्याशी ती कशात बोलणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच पान उलटायला गेले. तिनं पानावर हात दाबून धरला.

"पुढचं नको, मावशी."

"का गं?"

"पुढचं आईनं वाचलं नाही. तिथं आई नाही."

अक्का, निदान तो धडा तरी पुरा करायचास! अर्ध्यावर सोडून असं कुणी उठतं का?

मग मीच पुढचं वाचायला लागले. "बगळ्यानं आपली चोच..."

"चहातला च नव्हे!" ईरा एकदम म्हणाली. "चमच्यातला च. जीभ दातांमागं लाव."

तुझंच वाक्य! लहानपणी तू मला कितीदा ऐकवलंस! मी पुन्हा चुकले, आणि शप्पथ, मुद्दाम नाही. तशी तिनं वैतागून पुस्तक ओढून घेतलं. अक्षरांखाली बोट धरून, अडखळत, जोडाक्षरं फोडत ती पुढचं पान वाचत गेली. पहिल्यांदाच मी तिचा स्वतःचा आवाज ऐकला. किती उंच आहे गं तो!

त्या शनिवारी तिनं भावोजींना समोर बसवून सगळा धडा वाचून दाखवला. तू वाचलेलं पान आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पण उठले नाहीत. कॅम्पचं नाव पुन्हा निघालं नाही.

धडा संपला आणि तिनं विचारलं, "आजारी नव्हती तेव्हा आई कशी बोलायची?"

तिला समजायला लागलं तेव्हापासून तू आजारीच! धापा टाकणारा तो आवाज हीच तिची आई. आम्हाला हे सुचलंच कसं नाही?

भावोजी तुझ्याबद्दल महिनोनमहिने एक शब्द बोलले नव्हते. ते घसा साफ करून म्हणाले, "तुझी आई? खालच्या साडीवाल्याशी भाव करायला लागली की अख्खी गल्ली ऐकायची! 'अण्णा, स्वल्प कम्मी माडी!' जरा कमी करा!" इतक्या जोरात, की ईरा दचकली. मग हसत सुटली. हसता हसता भावोजींनी तोंड फिरवलं.

त्या पहिल्या पानाकडे ती अजूनही मधेच परत जाते. खोकल्याचा आवाज आला की मी स्वयंपाकघरातच थांबते. तुम्हा दोघींच्या मधे कशाला येऊ?

पण एवढं वचन देते, अक्का. दर रविवारी मी येईन. तू जिन्यात उभी राहून मला हाक मारायचीस तशी हाक तिला ऐकवीन, माझ्यावर ओरडायचीस तशी ओरडून दाखवीन. तुझा धडधाकट आवाज जेवढा माझ्याजवळ आहे, तेवढा सगळा तिला देईन.

तुझीच,
सुमा