पटावरचा क्रमांक तेवीस पुकारण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
शिक्षण विभाग, दुसरा मजला.

विषय : इयत्ता चौथीच्या हजेरीपटातून कमी झालेले माझ्या मुलीचे नाव पुन्हा दाखल करून ते वर्गात मोठ्याने पुकारले जाण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपल्या कार्यालयाची दोन उत्तरे.

महोदय,

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करतो. आधीचे तीन अर्ज शेजारच्या टायपिंगवाल्याने लिहून दिले होते. हा मी स्वतः लिहीत आहे. भाषेत काही कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. घरात तिच्या तोंडाला विसावा नसे. तिची आई तिला रेडिओ म्हणत असे. मात्र शाळेच्या फाटकाच्या आत तीन वर्षांत तिने एक शब्दही उच्चारलेला नाही. हजेरीच्या वेळी वर्गशिक्षिका तिच्याकडे बघून स्वतःच खूण करून घेत. पुढे सकाळी दप्तर भरतानाच तिला उलट्या होऊ लागल्या. दवाखान्यातील बालमार्गदर्शन केंद्राच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा हट्ट नाही, चारचौघांत बोलण्याची भीती आहे. त्यांनी तिला काही आठवडे शाळेतून विश्रांती दिली व उपचार सुरू केले.

उपचाराचे स्वरूप आपल्या माहितीसाठी देतो. डोळ्यांवर एक मोठा चष्मा चढवतात. आत खराखुरा वाटावा असा वर्ग दिसतो. चष्म्याचा पट्टा मोठ्या माणसांच्या मापाचा होता, तो मी आतून स्पंज लावून तिच्या डोक्याला बेतून दिला. पहिल्या दिवशी वर्ग रिकामा होता. मग एक पाठमोरे मूल आले, मग तीन, मग बाई आल्या. समुपदेशक बाई शेजारी बसून संगणकावर ठरवत, आज किती मुलांनी वळून बघायचे. चौदाव्या वेळी एकवीस मुले बघत असताना त्या चित्रातल्या बाईंनी तिचे नाव घेतले आणि माझी मुलगी म्हणाली, "हजर." मी दाराबाहेर बाकावर होतो. मला ऐकू आले. त्यानंतर आणखी पाच वेळा ती तसे म्हणाली. परत येताना रस्त्यात विचारायची, "बाबा, खऱ्या वर्गात जोरात म्हणू का बेताने?" मी म्हणायचो, "बेताने म्हण, चालेल."

सोमवारी तिला वर्गात न्यायचे ठरले. वर्गशिक्षिकांनी आनंदाने होकार दिला होता. परंतु (१) सलग तीस दिवस गैरहजर म्हणून आदल्या शनिवारी तिचे नाव पटातून कमी करण्यात आले. केंद्राचा दाखला मी शाळेत दिला होता, पण त्यावर आवक क्रमांक पडला नसल्याने तो मिळाला नाही असे धरले गेले. (२) वर्गशिक्षिकांना त्याच दिवशी प्रशिक्षणाला पाठवले होते, व बदली बाईंना यातले काही ठाऊक नव्हते.

मी व्हरांड्यात खिडकीशी उभा होतो. बदली बाईंनी बावीस क्रमांक पुकारला तेव्हाच माझी मुलगी उठून उभी राहिली. केंद्रात तसाच सराव झाला होता. बाईंनी तिचा तेवीस सोडून पुढे चोवीस पुकारले. मुलगी उभीच. यादी संपल्यावर बाईंनी विचारले, "तू कोण गं? नाव काय तुझं?" या प्रश्नाचा सराव झालेला नव्हता. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, ती बोलत नाही." तिने हे चांगल्या मनानेच सांगितले. सगळा वर्ग मागे वळून बघू लागला. माझी मुलगी घंटा होईपर्यंत उभी होती.

यानंतरची बाब अर्जाशी संबंधित नाही, तरी नमूद करतो. घरी येताना मी तिला खांद्याला धरून हलवले आणि ओरडलो, "एक शब्द होता! एकच शब्द!" रस्त्यावरची माणसे थांबून बघू लागली. त्या दिवसापासून ती घरातही बोललेली नाही. आज सेहेचाळीस दिवस झाले.

आपल्या कार्यालयाच्या पहिल्या उत्तरानुसार, नाव पुन्हा दाखल होण्यासाठी विद्यार्थिनीने मुख्याध्यापकांसमोर उभे राहून आपले नाव तोंडी सांगणे आवश्यक आहे. आम्ही गेलो. दोन तास बसलो. लिपिक भले गृहस्थ आहेत. "बाळ, नुसतं हळूच सांग, मी लगेच लिहितो," असे ते पुन्हा पुन्हा म्हणाले. शेवटी त्यांना अहवालात 'विद्यार्थिनीने सहकार्य केले नाही' असे लिहावे लागले. ती चष्म्याच्या वर्गात हजर होती व तेथे सहा वेळा बोलली, हे तरी ग्राह्य धरावे अशी विनंती मी केली. त्यावर, चित्रातील शिक्षिका या सक्षम प्राधिकारी नाहीत, असे दुसरे उत्तर आले. ते बरोबरच आहे.

आता ती चष्म्याला हातही लावत नाही. दुकानात माझ्याजवळ बसून काचा पुसते. गेल्या मंगळवारी मी एकटाच केंद्रात गेलो आणि समुपदेशक बाईंना म्हणालो, मला घालून बघू द्या. त्यांनी तोच वर्ग लावला. क्रमांक तेवीस पुकारला गेला आणि एकवीस तोंडे माझ्याकडे वळली. ती चित्रे आहेत हे मला माहीत होते. मी बेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या तोंडून 'हजर' निघाले नाही. माझ्या मुलीने हे सहा वेळा केले होते, आणि मी तिला भर रस्त्यात हलवले.

त्या चित्रातल्या बाईंनी मात्र पुढचा क्रमांक घेतला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. समुपदेशक बाई म्हणाल्या, "त्या थांबतात. उत्तर येईपर्यंत थांबायचं, असं त्यांना सांगून ठेवलंय."

तरी विनंती अशी की, नाव दाखल करून ते रोज पुकारले जावे, व पुढचा क्रमांक घेण्यापूर्वी थोडे थांबावे. उत्तर आले नाही तर गैरहजर लिहावे, आमची हरकत राहणार नाही. मी तिला रोज तेवढ्यासाठी आणून बसवीन आणि काही बोलणार नाही.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
(सही)
मुलीचे वडील
दि. १९ सप्टेंबर

सोबत :
१) केंद्राचा दाखला, या वेळी आवक शिक्क्यासह.
२) चौदा ते एकोणीस या सहा सत्रांची नोंद.
३) मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेले तिचे नाव, एक पान. दहा वर्षांखालील मुलांची लेखी ओळख चालत नाही असे लिपिकांनी सांगितले आहे. तिने काल आपणहून लिहून माझ्यापुढे ठेवले, म्हणून जोडत आहे.