खिंडीतल्या पलटणीचे कोट

मी, सैनिकी गणवेशाच्या कारखान्यातला निवृत्त कापड-तपासनीस, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात थोडा कापतो, पण तो वयाने. कोणाच्या धाकाने नाही. यापूर्वी केलेली दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी खरं लिहिलं नव्हतं.

१. माझं राहतं घर, खालच्या दोन खोल्या आणि वरच्या दोन, हे सर्व माझ्या धाकट्या भावाच्या विधवेला, म्हणजे माझ्या भावजयीला, पूर्ण मालकी हक्काने मिळावं. ती वरच्या खोल्यांत एक्केचाळीस वर्षं राहते आहे. माझी पत्नी गेल्यापासून माझं दोन वेळचं जेवणही तीच करते. माझ्या मुलीची याला हरकत नाही. तिचं पत्र सोबत आहे.

२. बँकेतली ठेव आणि पत्नीचं शिवणयंत्र मुलीला द्यावं. यंत्राला तेलपाणी केलेलं आहे. मुलगी एकदा मला म्हणाली होती, "बाबा, मी कितवीत आहे ते तुम्हाला सांगता येणार नाही, पण कुठल्या पलटणीच्या कोटाला किती बटणं ते झोपेतही सांगाल." तेव्हा ती नववीत होती. मी आठवी म्हणालो होतो. त्याबद्दल तिची माफी मागायची राहून गेली, ती इथे मागतो.

३. गणवेशांवरची सगळी पुस्तकं, कापडाचे नमुने आणि जुने फोटो इतिहासाच्या मास्तरांना द्यावेत. दहा वर्षांपूर्वी प्रदर्शनात त्यांनी चारचौघांत मी रंगवलेल्या एका शिशाच्या घोडेस्वाराचा कमरपट्टा चुकीचा ठरवला. "त्या साली पट्टा तपकिरी होता, काळा नव्हे," म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. पट्टा तपकिरीच होता. मला दुसऱ्याच आठवड्यात पुरावा सापडला होता. माझं भिंग मात्र त्यांच्याकडे आहे, ते त्यांनी खुशाल ठेवावं. मागून मागून माझी जीभ झिजली.

४. कुंचले कोणालाही देऊ नयेत. त्यांना माझ्या हाताचं वळण पडलं आहे, दुसऱ्याच्या हाती ते नीट चालायचे नाहीत. जाळून टाकावेत.

५. आता खिंडीचा देखावा. हा माझा मुख्य ऐवज. शिशाचे बोटभर उंचीचे एकशे चाळीस सैनिक, एकोणीस वर्षांचं काम. प्रत्येकाला आधी राखाडी अस्तर, मग मूळ रंग, मग घड्यांत मुरणारा पातळ काळा हात, शेवटी टाचणीच्या टोकाने बटणं. सगळे उन्हाळी सुती गणवेशात आहेत, गुडघाभर बर्फात. एकाने हातांत मोजे म्हणून पायमोजे घातले आहेत. एकाने पायांना गोणपाट गुंडाळलं आहे. यातलं काहीही मनाचं नाही. वाचलेल्यांना भेटून, विचारून केलेलं आहे.

हा देखावा मी संग्रहालयाला देतो. तिथल्या बाई मला म्हणाल्या होत्या, "काका, चार-सहा जणांना तरी कोट घालू या ना. लोकांना फार उघडंबोडकं वाटतं." मी नाही म्हणालो. कारण विचारलं, तेव्हा "इतिहास" एवढंच सांगितलं. खरं कारण पुढच्या कलमात आहे.

६. खिंडीतल्या त्या पलटणीचे हिवाळी कोट तयार होते. तीनशे वीस नग, माझ्या टेबलावर आले होते. पेट्यांवर पलटणीचा क्रमांक होता, आणि माझा भाऊ त्याच पलटणीत होता हे मला माहीत होतं. कॉलरचा हिरवा रंग नमुन्यापेक्षा दोन छटा गडद भरला. मुकादम काकुळतीला येऊन म्हणाला, "साहेब, वर बर्फ पडायला लागलाय. जाऊ द्या. कॉलर कोण बघतंय?"

मी म्हणालो, "नमुना म्हणजे नमुना." मनात असंही होतं की भावाच्या पलटणीचा माल आहे, मी ढिलाई केली असं कोणी म्हणायला नको. कारखान्यात मला फूटपट्टी म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

कॉलर बदलायला अकरा दिवस लागले. नवव्या दिवशी खिंड बंद झाली. सत्तावीस जण थंडीने गेले, त्यांत माझा भाऊ. चौकशीच्या कागदात 'वाहतुकीतील विलंब' असं लिहिलं गेलं. मी ते खोडून काढलं नाही. भावजय इतकी वर्षं त्या न पाहिलेल्या गाडीवाल्यांना शिव्याशाप देत आली आणि मी समोर बसून तिने वाढलेलं जेवत आलो.

७. वकिलांनी वरचं कलम वाचून पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ही गोष्ट त्यांनी कागदावरून ऐकायची नाही. तुम्ही जिवंतपणी सांगा." म्हणून सात जानेवारीला, शुक्रवारी दुपारी मी वर गेलो. ती भांडी पुसत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "कोट फाटके होते का, भाऊजी?"

"नाही."

"पातळ होते?"

"नाही. चांगली लोकर होती."

"म्हणजे ऊब होती."

"होती."

तिने हातातलं भांडं पालथं घातलं. मग म्हणाली, "शेवटच्या पत्रात यांनी लिहिलं होतं, कोट निघालेत, दादा स्वतः बघतोय, म्हणजे आता काळजी नाही." आणि ती आतल्या खोलीत गेली.

त्याला आज नऊ दिवस झाले. दोन्ही वेळा माझं ताट जिन्याच्या पायरीवर येतं, झाकलेलं, गरम. ती खाली येत नाही. मीही वर जात नाही.

८. तिला हे घर नको असेल, तर तिला कोणीही, माझ्या मुलीनेसुद्धा, गळ घालू नये. घर विकून पैसे तिच्या नावे ठेवावेत. तेही नको म्हणाली तर त्या सत्तावीस जणांच्या घरच्यांत वाटावेत. यादी वकिलांकडे आहे. हे मृत्युपत्र वाचताना ती मधेच उठून गेली, तर तिला थांबवू नये आणि वाचनही थांबवू नये.

९. देखाव्याच्या काचेखाली पुढील मजकुराची पाटी लावावी. एक शब्द बदलल्यास देखावा संग्रहालयाकडून परत घ्यावा. "या पलटणीचे कोट वेळेवर शिवून झाले होते. ते उबदार होते. तपासनिसाने ते कॉलरच्या रंगासाठी परत पाठवले." त्याखाली माझं पूर्ण नाव, ठळक अक्षरांत.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि साक्षीदारांच्या देखत खाली सही केली.

सही: लिहून ठेवणार, निवृत्त कापड-तपासनीस

साक्षीदार १: गल्लीतले डॉक्टर (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही)

ठिकाण: राहतं घर, खालची खोली
दिनांक: सोळा जानेवारी, रविवार