मखमलाबाद रस्त्यावरील सदनिका आणि नवसाबाई

मी, सिंधुबाई पुंजा उगले, वय सहासष्ट, राहणार मखमलाबाद रस्ता, पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, चष्मा लावून आणि माझ्याच मर्जीने लिहीत आहे. मला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, डोक्याची नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कायद्याचे शब्द वकीलबाईंनी बसवले. बाकीचा मजकूर त्यांना कमी करायचा होता, पण तो मी राहू दिला. नुसते कोणाला काय मिळणार एवढेच लिहिले तर पुढे मुलांना कारण कळणार नाही, आणि कारण न कळता वाटलेल्या घरात भांडण होते.

१. माझे पती पुंजा लहानू उगले ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. ते दोन वर्षांपूर्वी वारले. मला दोन अपत्ये. मुलगा सोमनाथ पुण्यात नोकरीला आहे. मुलगी उज्वला मनमाडला दिली, जावई रेल्वेत आहेत. माझी थोरली नणंद नवसाबाई, जिला आम्ही आक्का म्हणतो, सोमनाथ रांगत होता तेव्हापासून आमच्याकडे आहे. तिच्या नवऱ्याने दुसरी केली. त्याच्याबद्दल इथे लिहून स्टँपपेपर खराब करत नाही.

२. मी राहते ती दुसऱ्या मजल्यावरची सदनिका माझ्या एकटीच्या नावाने खरेदी झालेली आहे. खरेदीखत, इंडेक्स टू आणि सोसायटीचा भागदाखला लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात आहेत. बाईच्या नावाने घर घेतले की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, हे ह्यांना कारखान्यातल्या मित्राने सांगितले. बिल्डरच्या ऑफिसात ह्यांनी लगेच माझे नाव पुढे केले. मी म्हटले, "एवढं प्रेम?" ते म्हणाले, "एक टक्का." तो एक टक्का आज मला पुरतो आहे. ते गेल्यावर मला कोणाच्या दारात वारसनोंदीसाठी उभे राहावे लागले नाही. घर माझे होते, माझेच राहिले. त्याबद्दल मी रोज त्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावते, आणि त्या बिल्डरने कबूल करून न दिलेल्या पार्किंगबद्दल उरलेले बोलते.

सोसायटीच्या अर्जात नॉमिनी म्हणून सोमनाथचे नाव आहे. त्याने आणि सूनबाईने हे नीट वाचावे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कोणाशी बोलायचे, एवढाच त्याचा अर्थ. मालक कोण, ते या कागदावर ठरेल.

३. आता त्या घराचे पैसे कुठून आले ते. थोडे ह्यांच्या फंडाचे. बाकीचे सिन्नरकडच्या शेतातले. सासऱ्यांच्या मागे सातबाऱ्यावर दोन नावे लागली होती, ह्यांचे आणि आक्कांचे. घेणाऱ्याचा वकील म्हणाला, बहिणीची सही नसेल तर व्यवहार नको. ह्यांना वाटले होते, बहिणीला साडी नेसवली की झाले. आक्का साडीशिवायच आल्या. त्यांना सही येते, ती मी शिकवली. आणि मी वाचायला शिकले सोमनाथ-उज्वलाच्या पुस्तकांवरून, तेव्हा आमच्या घरात गुरू कोण आणि चेला कोण हे विचारू नये.

निबंधकाच्या ऑफिसात साहेबांनी विचारले, "मावशी, राजीखुशीनं देताय ना?"

आक्का म्हणाल्या, "राजीखुशीचं नंतर बघू साहेब, रांग बघा केवढी हे. भावाला घर घ्यायचंय. कुठं करू सही?"

"आधी कॅमेऱ्यात बघा. हसू नका."

"नाय हसत. जमीन इकून कोण हसतं?"

तिथे सगळे हसले, ह्यांच्याशिवाय. आक्कांच्या वाट्याचे पैसे त्यांनी सरळ भावाच्या खात्यावर वळवले. मग ही सदनिका झाली. तिच्या कागदांत आक्कांचे नाव कुठेही नाही. कायद्याने हे घर घेण्याशी त्यांचा काही संबंध नाही.

मी द्राक्षांच्या हंगामात पॅकिंगला जात होते तेव्हा माझी दोन्ही मुले त्यांनी जेवू घातली, हेही कुठल्या कागदात नाही.

४. रविवारच्या पुरवणीत घराच्या कायद्यावर वाचकांचे प्रश्न येतात. दुपारी मी ते आक्कांना मोठ्याने वाचून दाखवते. वकिलाचे उत्तर वाचायच्या आधी आक्का निकाल देतात. एका म्हाताऱ्याने मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते, आता मुलगा बघत नाही. आक्का म्हणाल्या, "दिलं ना लिहून? आता बस बोंबलत." वकिलाचेही जवळजवळ तेच उत्तर होते.

श्रावणातल्या एका रविवारी एका बाईचा प्रश्न आला. भावाच्या घरी राहते, भाऊ वारला, घर भावजयीच्या नावावर आहे, माझा हक्क काय? मी मधेच थांबले. आक्का म्हणाल्या, "वाच की." मी वाचले. उत्तर असे होते की आपणांस मालकी हक्क नाही, भावजयीच्या पश्चात घर तिच्या वारसांकडे जाईल.

आक्कांनी त्या दिवशी निकाल दिला नाही. म्हणाल्या, "बरोबर हे." आणि भांडी घासायला गेल्या, जी आधीच घासून झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर त्यांची लुगडी घडी करून ठेवलेली दिसली. मला विचारू लागल्या, सिन्नरला आता एसटीचं अर्धं तिकीट किती पडतं.

"सिन्नरला कोण आहे, आक्का?"

"कोणी नाय. पण तू हाय तोवर जाऊन जागा बघून ठेवते. तू गेल्यावर इथं कोण राहू देईन निवांत?"

त्या दिवशी मी ठरवले की हा कागद करायचा.

५. सबब, माझ्या पश्चात सदर सदनिकेत श्रीमती नवसाबाई यांना त्यांच्या हयातभर राहण्याचा व वापरण्याचा पूर्ण हक्क राहील. तोपर्यंत सदनिका कोणीही विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये, दुरुस्तीच्या नावाखाली त्यांना बाहेर काढू नये. गच्चीवरच्या क्रेटमध्ये त्या मेथी लावतात, ती सोसायटीने मोजू नये. देखभाल खर्च माझ्या पोस्टातल्या ठेवीच्या व्याजातून भरावा. त्यांच्या पश्चात सदनिका आणि ठेव सोमनाथ व उज्वला यांची, निम्मी निम्मी. तेव्हा उज्वलाने हक्कसोडपत्र करू नये. कोणी साडी आणली तर ती नेसावी, सही करू नये.

६. सोमनाथवर अन्याय झाला असे कोणी म्हणू नये म्हणून लिहिते. तो म्हणाला होता, "आई, आत्ताच बक्षीसपत्र करून टाक, मुलाच्या नावावर करायला शुल्क नावापुरतं लागतं."

मी म्हटले, "आणि आत्याचं?"

"मी आत्याला बाहेर काढणारे का? काय बोलतेस!"

"तू नाही काढणार. तुझ्याकडून घर घेणारा काढील."

तो रागावून पुण्याला गेला. चार दिवसांनी फोन आला. म्हणाला, "लिहून ठेव. म्हणजे इथं कोणी विकू म्हटलं की मला सांगता येईल, माझ्या हातात नाही." माझा मुलगा आहे हे मला तेव्हा पुन्हा कळले. देवाने चांगली मुले दिली, त्याबद्दल तक्रार नाही.

७. ह्यांची कानशी, पाने, व्हर्नियर असलेली हत्यारांची पेटी जावईबापूंना द्यावी. त्यांना त्यातले कळते. माझी पोत उज्वलाला, पाटल्या सूनबाई मनीषाला. पुस्तके सोसायटीच्या ऑफिसात ठेवावीत, वाचणारा नेईल. चुलत दीर रावजी यांनी ह्यांच्या तेराव्याला पानावर बसून विचारले होते, "नवसाबाईची सोय आता कुठं लावायची?" त्यांना मी काही ठेवत नाही. कलम पाच त्यांना कोणीतरी वाचून दाखवावे.

८. माझे दिवस थाटाने करू नयेत. आक्कांना त्यात उपास घडवू नयेत, त्यांना साखर आहे. आक्का माझ्याआधी गेल्या तर काय, तेही लिहा, असे वकीलबाई म्हणाल्या. तसे झाले तर कलम पाचमधला त्यांचा हक्क आपोआप संपेल. हे मी लिहिले, कारण लिहावे लागते. एकदा एक माणूस या घरातून गेला आहे, आम्ही दोघींनी मिळून ते निभावले. दुसऱ्यांदा मला एकटीला जमेल असे वाटत नाही.

९. साक्षीदार म्हणून आक्का सही करणार होत्या. वकीलबाईंनी सांगितले, "आजी, ज्याला मिळतंय त्याने साक्ष करू नये." आक्का म्हणाल्या, "द्यायचं तव्हा माझी सही पाहिजे, घ्यायचं तव्हा नको. लय भारी कायदा हे." मग समोरच्या वत्सलाबाई आणि तळमजल्याचे वाल्मीकभाऊ यांना बोलावले. दोघांचे उपकार.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला आणि आज सकाळी आक्कांनाही वाचून दाखवला. कलम पाचवर त्यांनी मला थांबवले.

"हयातभर म्हणजे कोणाच्या? तुझ्या का माझ्या?"

"तुमच्या, आक्का."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि त्यावर आपले नाव बोटाने शोधले. मग म्हणाल्या, "असं कोण लिहितं गं?"

मी लिहिले आहे. खाली सही करते.

ठिकाण : नाशिक
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

सही : सिंधुबाई पुंजा उगले

आमच्यादेखत सिंधुबाईंनी सही केली, त्यांच्यादेखत आम्ही केली :
१. वत्सलाबाई काशिनाथ तिडके
२. वाल्मीक दत्तू मौले