साडेसहा इंचांची वाट

२ तारीख
परदेशातल्या लेकीचं सिझेरियन पंधराला, आपल्या घड्याळाने सकाळी दहाला. पहिलं नातवंड. बाळ पहिल्यांदा माझ्याच हातात. विहीणबाईसुद्धा जाणार म्हणे. जाऊ देत.

३ तारीख
तिकीटवाल्याकडे गेले. म्हणाला, मावशी, डायरेक्ट घ्या, नऊ तास. विहीणबाईंनी तेच घेतलंय. कॉम्प्युटरवर विमानाची वाट दाखवली. सरळ जायचं सोडून वर कमान करून जातं! म्हटलं, हा वळसा कशाला? तर म्हणे पृथ्वी गोल आहे, तोच जवळचा रस्ता. मला गोल शिकवतो! तीस वर्षं बायकांची मापं घेतेय. फुगवट्यावरून टेप नेली की इंच वाढतात.

४ तारीख, दुपार
लेकीचा शाळेतला नकाशा कटिंगच्या टेबलावर पसरला. टेप लावली. कमानीने आठ इंच. सरळ साडेसहा. रेघेवर मधोमध एक मोठं शहरपण आहे, तिथे विमानतळ असणारच. दोनदा मोजलं.

५ तारीख
रेघेवरचं तिकीट काढलं. चौदाला दुपारी बारा. विहीणबाईंचं विमान रात्री आठला. तिकीटवाला कपाळाला हात लावून म्हणाला, मावशी, पाच आणि पाच तास विमानात, मधे चौदा तास थांबा, पंधराची दुपार उजाडेल. बसून राहणं म्हणजे प्रवास का? आणि काउंटरवर आवाज चढवला की आधीच्या गाडीत बसवतात. बसस्टँडवर रोज बघते.

१३ तारीख
विहीणबाईंचा फोन. सोबत गेलो असतो, म्हणाल्या. म्हटलं, तुम्ही या सावकाश. मी तिथे आहेच.

१४ तारीख, संध्याकाळी सहा
मधला विमानतळ. आवाज चढवला. काउंटरवरची बाई हसली, पाण्याची बाटली दिली. दिवसाला एकच विमान आहे म्हणे, ते उद्या सकाळी सातला. परत चढवला. दुसरी बाटली दिली.

रात्री आठ
विहीणबाई आत्ता कुठे निघाल्या. मी निम्म्या वाटेवर. हिशेब साफ आहे.

१५ तारीख, सकाळी साडेसहा
जावयाचा फोन. आई पोचली, चहा घेतेय, तुम्ही कुठे? म्हटलं, जवळच. सव्वातीन इंच राहिलेत, हे त्याला काय सांगणार.

दुपारी अडीच
हॉस्पिटल. मुलगी झाली. लेक बरी आहे, झोपलीय. विहीणबाई खुर्चीत, मांडीवर बाळ. चार तास तशाच बसल्यात. मला बघून लगेच उठल्या, बसा म्हणाल्या, दमला असाल. बाळ माझ्या हातात दिलं. मग हळूच म्हणाल्या, मानेखाली हात घ्या हं, असा.
मी तीन पोरं वाढवली.
घेतला.